फीचा आहेर

माझ्या आतेभावाने जन्मात कुठल्याही गोष्टीला तिच्याभोवती एक फेरी मारल्याशिवाय हात लावलेला नाही. मग ती गोष्ट बुलडोझर असो, मिक्सर असो, नाहीतर लग्नाचं स्थळ असो. मुलगी बघायला आम्ही अमळनेरला गेलो, तेव्हा पोहे यायच्या आत हा उठला आणि घराला बाहेरून अख्खा वळसा घालून आला. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुणा पळाला. मी घामाघूम. हा मात्र परत येऊन शांतपणे खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मागच्या भिंतीला ओल आहे. बाकी ठीक." एवढं होऊनही त्या लोकांनी मुलगी दिली, याचं मला अजून नवल वाटतं.

ही फेरी त्याला धुळ्याच्या एका खासगी संस्थेने शिकवली. तिथे 'अवजड यंत्रांची देखभाल व दुरुस्ती' असा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला होता. माहितीपत्रकावर पिवळ्याधमक बुलडोझरचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत नोकरीची हमी. एरंडोलजवळच्या आमच्या गावात तोवर सगळ्यांत अवजड यंत्र म्हणजे पिठाची गिरणी. फीचा आकडा ऐकून आत्याने पदर तोंडाला लावला. तिचे यजमान लवकर गेलेले, घरात कमावतं कोणी नाही. पण गाव धावून आलं. गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार नाना, त्यांनी पहिला हात ढिला केला. मग ज्याला जसं जमेल तसं प्रत्येकाने उसनं दिलं. शेजारची अक्का, एकटी विधवा बाई, पोरबाळ नाही, शिवणकामावर पोट. तिने दोन शेळ्या विकल्या आणि पैसे आत्याच्या ओट्यावर ठेवून निघून गेली. आमचं गाव मुळात चांगलंच आहे. फक्त आपण चांगले आहोत हे ते कोणाला विसरू देत नाही.

पदविका काचेच्या चौकटीत घालून पठ्ठ्या बाहेर पडला. हमीची नोकरी निघाली एका खडी केंद्रावर. पगारातून खोलीचं भाडं आणि खाणावळ वजा जाता महिनाअखेर त्याच्या हातात उरे ती फक्त अवजड यंत्रांची आवड. वर्षभरात केंद्रालाच कुलूप लागलं आणि इंजिनिअरसाहेब गावी परतले. गावाला तर आनंदच झाला. विहिरीवरच्या मोटारी, फवारणीचे पंप, रेडिओ, पंखे, सगळं त्याची वाट बघत बंद पडलं होतं. दुरुस्तीचे पैसे मागायची सोय नव्हती, कारण ज्याच्या दारात जावं त्याचं याच्या डोक्यावर देणं. मजुरीचा विषय निघतोय असं दिसलं की नाना लगेच प्रेमाने खांद्यावर हात ठेवत. "अरे, तू तं आमना घरना पोऱ्या शे!" घरच्या पोराला काय द्यायचं? चहा द्यायचा. त्या काळात तो इतका चहा प्यायला की पित्ताच्या गोळ्या आत्याने उधारीवर आणल्या.

बरं, काम करायचा ते सगळं अवजड पद्धतीने. साध्या टेबलफॅनला फेरी मारून, कान लावून, "लोड जास्त घेतंय" असं निदान सांगून मगच स्क्रू खोलायचा. अक्काच्या शिलाई मशीनचा पट्टा निसटला, तर आधी मशीनभोवती हिंडला. अक्का कपाळावर हात मारून म्हणाली, "मशीन शे रे बापा ती, मारुती नई!"

शेवटी धुळ्याकडच्या हमरस्त्याचं रुंदीकरण निघालं आणि एका ठेकेदाराकडे त्याला खराखुरा बुलडोझर भेटला. पहिल्या दिवशी म्हणे त्याने एकाऐवजी दोन फेऱ्या मारल्या, दुसरी निव्वळ आनंदाची. आता पगार बरा होता. त्याचं एकच स्वप्न होतं, हमरस्त्यावर स्वतःचं गॅरेज. पण गॅरेजातही गावच्या बिघडलेल्या वस्तू येणारच, आणि गावाकडून मजुरी मागायची तर आधी गावाचं देणं फिटायला हवं. म्हणून काटकसर करून त्याने पैसे जमवले, प्रत्येकाचं वेगळं पाकीट केलं आणि घरोघर फिरला.

एकाने पाकीट घेतलं असेल तर शपथ! नाना तर दुखावलेच. "पैसा परत करीसन आमले परका करस का? ऱ्हाऊ दे रे भाऊ." दुसऱ्या घरी 'राहू दे', तिसऱ्या घरी 'राहू दे'. इतकं उदार गाव मी दुसरं पाहिलं नाही. राहू दे म्हणता म्हणता प्रत्येकाने त्याच्या हातात एकेक बिघडलेली वस्तू ठेवली. सकाळी पाकिटांची पिशवी घेऊन निघालेला माझा आतेभाऊ संध्याकाळी तीच पिशवी, दोन पंप आणि एक इस्त्री घेऊन घरी आला. त्या दिवशी प्रथमच मी त्याला रडकुंडीला आलेला पाहिला.

आणि मग नानांच्या मुलीचं लग्न निघालं. आमच्याकडे आहेर माइकवर पुकारतात. अकरा रुपये, स्टीलचा डबा, एकवीस रुपये असं संथ चाललं होतं. एकाएकी पुकारणारा अडखळला, त्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि तो ओरडला, "इंजिनिअर यांच्याकडून, तीन हजार एक रुपये!" पंगतीत वाढणारे थांबले. नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. घरी दिलेलं पाकीट ढकलता येतं, पण पोरीच्या मांडवात पुकारलेला आहेर परत कसा करणार? नानांनी हात जोडले. माझा आतेभाऊ माझ्या कानात म्हणाला, "तीन हजार त्यांचे. वरचा एक आहेराचा."

पुढच्या महिन्यात नानांची मोटार जळाली. हा गेला, विहिरीला फेरी मारली, मोटार दुरुस्त केली आणि मजुरी सांगितली. नाना चकित. "आते पैसा लेस का?"

"हो नाना. आता फिटलं ना."

त्यानंतर दोन-तीन वर्षांत गावातल्या बारशा-मुंजी-लग्नांमधून त्याने सगळ्यांना गाठलं. आहेराच्या आशेने काहींनी मुलांची लग्नं जरा लवकरच उरकली, असा माझा संशय आहे. गॅरेज उभं राहिलं, संसार उभा राहिला.

राहिली एक अक्का. तिच्या घरी ना बारसं, ना लग्न. दर दिवाळीला हा पाकीट घेऊन जाई आणि ती म्हणे, "माले काय आते लगीन करनं शे का?" मी सुचवलं म्हणून त्याने तिला दोन शेळ्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी त्या आत्याच्या दारात बांधलेल्या. "तुनी माय म्हतारी व्हयनी, तिले दूध पाहिजे." आणि हा गावात आला की तिच्या मशीनचा पट्टा नेमका निसटलेला असे. तो फेरी मारी, ती हसे, मग चहा होई.

अक्का गेली तेव्हा तिच्या दिराची मुलं आली होती, पण घर कोणाचं यावर वाद सुरू होता आणि मडकं कोण धरणार हे ठरेना. माझ्या आतेभावाने पुढे होऊन ते खांद्यावर घेतलं. सरणाभोवती तो निघाला, तसाच सावकाश, एकेक लाकूड नजरेखालून घालत, एक सरकलेला ओंडका वाकून नीट करत. त्या चालीला आम्ही वर्षानुवर्षं हसलो होतो. त्या दिवशी मला ती बघवेना.

नदीवर अंघोळ करून आम्ही ओलेत्याने काठावर बसलो. धोतराचा सोगा पिळत तो म्हणाला, "हिचं राहिलं रे."

मी म्हणालो, "राहू दे."