चिबडाची सहल
कुंडीतल्या सडलेल्या मातीचा वास आला की मला औरादच्या शाळेतला तो एक तास आठवतो आणि डोकं तापतं. दहावीची सहल ठरत होती. सरांनी फळ्यावर दोनच ठिकाणं लिहिली होती: समुद्रकाठची खारफुटी, नाहीतर घाटातलं दलदलीचं जंगल. हात वर करून काय ते ठरवायचं होतं. दलदल म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. "चिबड रे, पाणी साचून कुजलेली जमीन," सर म्हणाले. तसा पाटलाचा पोरगा उठला. त्याचं रान आमच्या रानाच्या वरच्या अंगाला. त्याच्या बापानं बांध फोडून, चर खोदून सगळं पाणी आमच्या तुकड्यात सोडलेलं. "चिबड बघायला एवढं लांब कामून जायचं, सर? हिच्या बापाच्या रानात चला की!" तो माझ्याकडं बोट करून म्हणाला. वर्ग खदखदून हसला. सरही हसले. मी उभी राहिले. "व्हय, चला. पाणी कुठून यायलंय ते बी दावते. वर बांधावर ह्याचा बाप खोरं घेऊन उभा असंल." हसू जागीच थांबलं. सरांनी मलाच वर्गाबाहेर काढलं. सहल समुद्राकडं गेली, मला सोडून. परवा त्या पाटलाच्या पोराचा फोन आला. "जुने वर्गमित्र समुद्रावर जायलोत, तू बी चल." मी विचारलं, "चर बुजवलास का?" तो म्हणाला, "आता ते कामून काढायलीस?" म्हणजे न्हाईच. फोन मीच ठेवला.