शाळेच्या बीमवरची काळी रेघ

"निगेटिव्ह मी इथं सोडून जाणार नाही," बाई पाकीट घट्ट धरून म्हणाल्या. "माझ्यासमोर प्रिंट काढा."

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका फोटो स्टुडिओत मी प्रिंटर होतो. फोटो मालक काढायचे, निगेटिव्हवरून ते कागदावर उतरवायचं काम माझं. सत्तरच्या दशकातला मे महिना. डेव्हलपरचं रसायन तापलं की प्रिंट करपट येते, म्हणून ट्रेखाली बर्फाची लादी ठेवून काम चाललं होतं. अशात बाहेरच्या माणसाला डार्करूममध्ये कोण घेतो?

गजभिये बाई उमरेडकडच्या एका गावात मुख्याध्यापिका होत्या. शाळेच्या नव्या खोलीत बीमला तडा गेला होता. त्यांनी भावाचा कॅमेरा आणून फोटो घेतले. आठवड्याभरात ठेकेदारानं तिथं प्लास्टर करून चुना मारला. आता तडा फक्त फिल्मवर उरला होता. आणि दुसऱ्या एका स्टुडिओनं काढून दिलेल्या प्रिंटमध्ये तो नव्हता. भिंत, बीम, सगळं दुधासारखं पांढरं.

"त्याले कोणी तरी सांगितलं असंल," बाई म्हणाल्या. "तुम्हालेही सांगितलं असंल तर आत्ताच बोला."

मालक वामनराव मला बाजूला घेऊन कुजबुजले, "काहून लफड्यात पडतं गा? ठेकेदाराची माणसं उद्या इथं येऊन उभी राहतील."

पण जूनमध्ये त्या बीमखाली पोरं बसणार होती. मी बाईंना आत घेतलं.

फोटोच्या कागदाला नंबर असतात. एक-दोन नंबरचा कागद सॉफ्ट. त्यावर सुरकुत्या, देवीचे वण पुसट होतात, म्हणून चेहऱ्यांना तोच वापरायचा. चार नंबरचा हार्ड. त्यावर काळं ते काळंच येतं. आधीच्या स्टुडिओवाल्यानं सॉफ्ट कागद सवयीनं वापरला की मुद्दाम, कोण जाणे. मी चार नंबरचा घेतला आणि उजेड थोडा जास्त दिला.

लाल दिव्याखाली ट्रेमध्ये आधी खिडकीचे गज उमटले. मग बीम. मग बीमवर तिरपी, बारीक, काळी रेघ.

"हीच!" बाई म्हणाल्या.

मला मात्र शंका आली. निगेटिव्हच्या मसाल्याच्या, म्हणजे चित्र उमटतं त्या बाजूला ओरखडा पडला, तरी प्रिंटवर अशीच काळी रेघ येते. मी तसं सांगितलं.

"म्हणजे तुम्हीही त्यांच्यातलेच?"

"बाई, मी त्यांच्यातला असतो तर गप्प बसलो असतो. दुसरा फोटो आहे का? दुसऱ्या बाजूनं काढलेला?"

बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली आणखी एक निगेटिव्ह काढली. "राखून ठेवली होती. पहिली तुम्ही खराब केली असती तर?"

हा फोटो समोरच्या कोपऱ्यातून होता. खिडकी उजवीकडून डावीकडे गेली होती. रेघही तिच्यासोबत सरकली होती, बरोबर खिडकीच्या डोक्यावर. दोन निगेटिव्हवर ओरखडे असे ठरवून पडत नाहीत.

काही दिवसांनी बाई शाळेचं बांधकाम बघणाऱ्या इंजिनिअर साहेबांना घेऊन आल्या. साहेबांनी प्रिंटवर बोट घासून पाहिलं.

"पेन्सिलनं काढली. रिटचिंग करता ना तुम्ही लोक?"

चेहऱ्यांवरचे डाग पेन्सिलनं झाकायचो, ते खरंच. शंका घेण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"आत या," मी म्हणालो.

साहेब घामानं भिजत ट्रेजवळ उभे राहिले. कोरा कागद त्यांनी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला, मगच मला दिला. तीच निगेटिव्ह आधी सॉफ्टवर काढली. रेघ जेमतेम, दाखवली तरच दिसेल अशी. मग हार्डवर. पांढऱ्या कागदावर रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत काळी होत गेली.

"निगेटिव्हच खराब असंल," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

मी दुसऱ्या बाजूनं काढलेल्या फोटोची प्रिंट पुढे ठेवली. ते एका प्रिंटवरून दुसरीवर बोट फिरवत राहिले.

"आत्ता काढलेल्या दोन्ही वाळवून द्या," साहेब शेवटी म्हणाले.

खिडकीच्या वरचं प्लास्टर फोडलं, तेव्हा आत नख जाईल एवढी भेग निघाली, पार भिंतीपर्यंत गेलेली. बीमला टेकू लावून खोली बंद केली. शाळा उघडली तेव्हा ते वर्ग गावातल्या बुद्धविहारात भरले, आणि बीम पाडून नवा घातला. ठेकेदाराचं काय झालं ते मला कळलं नाही. वामनराव मात्र कितीतरी दिवस अनोळखी गिऱ्हाइकाला आधी गाव विचारायचे.

एकाच निगेटिव्हच्या त्या दोन प्रिंट. एकीत भेग जवळजवळ नाही, दुसरीत ठळक, आणि मी दोन्हींत काहीही खोटं केलेलं नव्हतं. पुढे बांधकामाचा फोटो कोणी आणला, की मी कागदाचा डबा उघडायच्या आधी दुसऱ्या बाजूनं काढलेला फोटो मागायला लागलो. बऱ्याच जणांकडे तो नसायचा. काही जण मग प्रिंट न काढताच निघून जायचे.