एकवीस जणांचा ताफा

आमच्या ऑर्केस्ट्राच्या पोस्टरवर ‘एकवीस कलाकारांचा भव्य ताफा’ असं छापलेलं असायचं. त्यातले गाणारे-वाजवणारे मिळून नऊ. उरलेले आम्ही नुसते बसणारे. माझ्या हातात व्हायोलिन असायचं, अंगावर मरून रंगाची साडी, आणि नाईटला मला पंधरा रुपये मिळायचे ते आवाज न काढण्याचे.

यात काही लबाडी आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नसे. सार्वजनिक पूजेची कमिटी ऑर्केस्ट्रा ठरवायला बसली की पहिला प्रश्न हाच, माणसं किती? सात-आठ माणसांना एवढे पैसे कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. कार्यक्रमाआधी कुणीतरी पडद्यामागे येऊन चक्क डोकी मोजून जायचा, पंगतीची पानं मोजावीत तशी. आमचे मालकही काही कमी नव्हते. मेटॅडोरच्या ड्रायव्हरला कोट चढवून त्याच्या हातात खुळखुळा द्यायचे. आणि स्टेजवर मुली दिसल्या की दर वाढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझी भरती झाली ती अशी.

व्हायोलिनच्या गजाला राळ घासली नाही तर ते वाजत नाही. गजाचे केस तारांवरून नुसते घसरत राहतात. माझ्या गजाला राळ लावायची नाही अशी मालकांची सक्त ताकीद होती. व्हायोलिन खरं वाजवणारे फक्त मास्तर. मालवणजवळच्या ख्रिस्ती वाडीतले, लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलेले, साठीला टेकलेले गृहस्थ. मी त्यांच्या शेजारी बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की बसायचं तर बस, पण बोटं खरी पडली पाहिजेत, समोर एखादा जाणता बसलेला असतो. मग मेटॅडोरमधून जाता-येता ते गाणं गुणगुणायचे आणि मी मांडीवरच्या व्हायोलिनवर बोटं ठेवत जायचे. एका हंगामात आमची सगळी गाणी माझ्या बोटांत उतरली. लोकांना वाटायचं मी वाजवते, मालकांना ठाऊक होतं मी बसते, आणि माझं म्हणाल तर मी वाजवतच होते. फक्त मला ते कधी ऐकू आलं नव्हतं. त्यासाठी माझा जीव किती तुटायचा ते कुणाला सांगून कळलं नसतं.

कणकवलीच्या एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात त्या दिवसांत सगळ्या जातीचे वाजवणारे भेटायचे. चहा येण्याआधी प्रश्न यायचा, ‘नाईटीक किती?’ दशावतारातला पेटीवाला म्हणायचा, आमच्यात पैसे कमी, वाजवणारे तीनच, पेटी, मृदंग आणि झांज, त्यामुळे अंग चोरायला जागा नाही. लग्नाच्या बँडवाल्याला लग्नसराईत बरे सुटायचे आणि पावसाळ्यात काहीच नाही. आमच्यात वाजवणाऱ्याला पन्नास, बसणाऱ्याला पंधरा. आणि कणकवलीत एक छोटा ऑर्केस्ट्रा होता, माणसं आठ, सगळ्यांना सारखेच साठ. आठ माणसं म्हणून मोठ्या पूजा त्यांना मिळत नसत. लोक त्या साठांवर बोलत बसायचे. माझं लक्ष दुसरीकडेच असायचं. तिथे बसणारं कुणी नाही, आठच्या आठ वाजवतात! बँडवाल्याचा कोट कोपरावर फाटलेला होता, पण तो फुंकायचा तेव्हा आवाज यायचा. मला त्याचाही हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

घरी आई मासे विकायची. पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायचं, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची आणि दुपारी रिकामी पाटी घेऊन परतायचं, हे तिचं रोजचं. तिला मी एकदा म्हटलं की मला खरं वाजवायचंय. तिने बांगड्याचं डोकं उडवलं आणि वर न बघता म्हणाली, “गो चेडवा, वाजवल्याबिगर पैसे गावतत, मगे वाजवूक कित्याक व्हया तुका?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या दिवशी जेवले नाही. तिचं काही चुकलं नव्हतं म्हणा, पण तेव्हा ते समजून घेण्याची माझी तयारी नव्हती.

मग ती बातमी आली. कणकवलीवाल्यांचा व्हायोलिनवाला गोव्याच्या हॉटेलात वाजवायला गेला, साठाच्या दुप्पट मिळाले म्हणे. त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सांगितलं, माझं वय झालं, माझ्या शेजारच्या पोरीला घ्या. कणकवलीचे मालक खारेपाटणच्या व्यापाऱ्यांच्या पूजेला आमचा कार्यक्रम ऐकायला येणार असं ठरलं. मास्तरांनी मला हे सांगितलं तेव्हा मला धड हसताही येईना. राळ मी लावून देतो, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, नको, माझी मी आणते.

राळ काय, आमच्या घरात होतीच. होडीच्या फटी बुजवायला बाबा ती तेलात शिजवायचे, खोपीत डब्यात तिचे खडे पडलेले असत. त्यातला एक स्वच्छ खडा मी उचलला आणि खारेपाटणला स्टेजच्या मागे बसून गजाला घासला. इतका घासला की हातावर पांढरी भुकटी उडाली. आपल्याला एवढंच कमी होतं, बाकी सगळं आपल्याकडे आहे, असं मला वाटत होतं.

चौथं गाणं व्हायोलिनचं होतं. संथ, त्या वेळी रेडिओवर रोज लागणारं. सुरुवातीला व्हायोलिनं, मग गाणारी. मी गज टेकवला आणि ओढला. आवाज आला. केवढा आला! आणि पुढच्याच क्षणी मला तो नीट ऐकू आला. माझा आवाज एकीकडे, सगळा ऑर्केस्ट्रा एकीकडे. माझ्या व्हायोलिनच्या तारा कधी कुणी सुरात लावल्याच नव्हत्या. ज्यातून आवाज यायचाच नाही ते जुळवणार कोण? मास्तरांना सुचलं नाही, मला तर ठाऊकच नव्हतं. बोटं बरोबर जागी पडत होती आणि प्रत्येक सूर खाली उतरलेला येत होता. समोर दुसऱ्या रांगेत कणकवलीचे मालक बसले होते. लोकांत कुजबुज सुरू झाली. थांबावं हे मला कळत होतं, पण हात थांबेना.

तेवढ्यात मास्तरांचा सूर हलला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डोळे मिटले आणि बोटं खाली सरकवून माझ्या सुराला येऊन मिळाले. पुढचं सगळं ते माझ्यासोबत वाजवत गेले, ओळीन्‌ओळ, माझं जिथे उतरेल तिथे उतरत. सगळा ऑर्केस्ट्रा सुरात आणि आम्ही दोघं बेसूर, पण एकत्र. त्या दोन-तीन मिनिटांत मला कशाचीही भीती वाटली नाही.

पडदा पडल्यावर आमचे मालक अंगावर धावून आले. मास्तर पुढे होऊन म्हणाले, सूर माझा ढळला, पोरगी माझ्या मागून गेली. दोघांचीही नाईट कापली गेली. मेटॅडोरमध्ये मी त्यांना विचारलं, असं का केलंत? ते व्हायोलिन पुसत होते.

“तुका एकटीक कसा सोडू, बाय?” म्हणाले.

कणकवलीचे मालक निघण्याआधी मला भेटले होते. त्यांनी एवढंच विचारलं, व्हायोलिन कुणाचं? आमच्या मालकांचं, मी म्हटलं. “स्वतःचं घ्या, जुळवायला शिका आणि या. बोटं चांगली आहेत तुमची,” म्हणाले. चांगला माणूस होता. पण पंधरा रुपये नाईटवर व्हायोलिन कुठून येणार? त्याच हंगामात मला काढून टाकलं, पुढच्या वर्षी लग्न झालं. मग गावोगाव व्हिडिओ आले आणि पूजेला ऑर्केस्ट्रा सांगणं लोकांनी सोडलं, आमचाही आणि आठ जणांचाही. मास्तर गेल्याचं मला फार उशिरा कळलं.

ते गाणं अजून रेडिओवर लागतं. सगळी व्हायोलिनं सुरात असतात, एकही सूर इकडचा तिकडे नाही. घरातले म्हणतात, तुझं आवडतं गाणं लागलंय बघ. मी उठून स्वयंपाकघरात जाते. मला ते असं नकोच आहे. मला ते खारेपाटणला लागलं होतं तसं, खाली उतरलेलं, दोघांचं, फक्त एकदा परत ऐकायचं आहे.