गाडीची संकष्टी

पिंपरीत पहिले कारखाने उभे राहत होते, तेव्हा मी चिंचवडच्या पेट्रोलपंपावर कामाला होतो. पेट्रोल दोन तऱ्हेचं असे, साधं आणि भारी. विटा वाहणारे ट्रकवाले साधंच भरत. त्या इंजिनांना भारी पेट्रोलचा काडीचा उपयोग नव्हता. एक ड्रायव्हर मात्र दर संकष्टीला भारी मागायचा आणि भरून होईपर्यंत चपला काढून, बॉनेटवर हात ठेवून उभा राहायचा.

“इंजिनाला काय फरक पडतो, भाऊ?” मी एकदा विचारलं.

“आज माझा उपास हाय, म्हंजी तिचाबी हाय,” तो म्हणाला. “उपासाला रोजचं कसं चालंल?”

एरवी भाकरी-चटणी खाणारा हा माणूस त्या दिवशी तुपातली खिचडी खायचा, तेव्हा हिशेब बरोबर होता.

एका संकष्टीला भारी पेट्रोल संपलं. मी गुपचूप साधं भरलं. त्याने इंजिन चालू केलं, कान दिला आणि म्हणाला, “आज लई खूश हाय.” मला राहवलं नाही. मी खरं सांगून टाकलं.

तो खाली उतरला. गाडीला ऐकू जाऊ नये म्हणून मला लांब चिंचेखाली नेलं.

“तिला ठावं न्हाई, तवा तिला दोष न्हाई. दोष तुझा. आता तू उपास धर.”

“किती दिवस?”

“गाडी हाय तवर.”

पुढे बांधकामं संपली आणि तो यायचा थांबला. ती गाडी चालते आहे की भंगारात गेली, मला कोणीच सांगू शकलं नाही. त्यामुळे उपास सोडता येत नाही.