थांबणारा ससा

“पोर गप्प बसलं तरी ‘शाब्बास’ म्हणणारा ससा मला घरात नको,” आमच्या शेजारचा सलूनवाला म्हणायचा. त्याची चार वर्षांची मुलगी घरात कुणाशी बोलत नसे; टीव्हीवरच्या कार्टूनमधला तो ससा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबला, की मात्र ती लगेच उत्तर देई. त्याला ते सलायचं.

एका सकाळी टीव्ही बंद करून, तिचा फ्रॉक दाखवत त्याने स्वतःच तिला विचारलं, “हा रंग कुठला? लाल ना? लालच!”

बायको म्हणाली, “अहो, ससा विचारून थांबतो तरी. तुम्ही गिऱ्हाइकाला बोलू देत नाही, तिला काय देणार?”

तो वरमला. मग खाली बसून त्याने विचारलं, “बाबा कुठे चाललेत?” आणि तोंड मिटून घेतलं. बराच वेळ गेला. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली.

“दुकानात.”

ओठांवर आलेलं ‘शाब्बास’ गिळून, दुकानाच्या किल्ल्या उचलून तो बाहेर पडला.