तीस मीटर केबल घेऊन पुण्याला

चिपळूणच्या स्टँडवर कंडक्टरने माझ्या सामानाकडे पाहिले आणि विचारले, "बाई, हे काय, कापड उडालेली छत्री?" प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मधे एक उभी सळई, खाली तिरक्या चार सळया. वायरलेसचा एरियल तसाच दिसतो. सोबत गोणपाटात बांधलेली तीस मीटर केबल आणि पिशवीत सेट. एरियल मांडीवर घेईन, कुणाच्या डोळ्यात जाऊ देणार नाही, असे कबूल केल्यावर त्याने मला आत घेतले.

कशाला चालले होते ते आधी सांगते. वाडीत माझी भाताची गिरणी आहे. पावसात नदी पुलावरून गेली की आमची वीज जाते, पाठोपाठ मोबाईलही मरतो. म्हणून मी पन्नाशीत परीक्षा देऊन हौशी वायरलेसचा परवाना काढला आणि गिरणीच्या पत्र्यावर एरियल चढवला. चिपळूणला सदाभाऊंकडे तसाच सेट. ते एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. मी इथून सांगायचे, त्यांनी तिथून होडी, डॉक्टर, काय लागेल ते हलवायचे, असे ठरलेले.

गेल्या पावसाळ्यात पूल बुडाला आणि त्याच सकाळी मोरेकाकूंना धाप लागली. मी दुपारपर्यंत सदाभाऊंना हाका मारत बसले. पलीकडून हूं नाही की चूं नाही. शेवटी वाडीतल्या चौघांनी काकूंना डोलीत (बांबूला बांधलेल्या कांबळ्यात) घालून डोंगरावरून नेले. काकू वाचल्या, देवाची कृपा. पण मी पडले तोंडाची फटकळ. पाणी ओसरल्यावर वाडीच्या भर सभेत सदाभाऊंना म्हणाले, "झोपला होतात तुम्ही." ते एवढेच म्हणाले की मी सेटपाशीच होतो, मला काही ऐकू आले नाही. मी कसला विश्वास ठेवते! सेटला जोडलेला माझा मीटर सांगत होता की माझ्याकडे सगळे उत्तम आहे. त्या दिवशी सदाभाऊंनी सेट बंद केला तो केलाच. दहा महिने झाले. पावसाळा तोंडावर, आणि आमचे ऐकायला कुणी नाही.

म्हणून मी ठरवले होते, एरियल पुण्याला नेऊन असा जोरदार करून आणायचा की आवाज सदाभाऊंना ओलांडून थेट रत्नागिरीला जावा. त्यांच्यावाचून अडायला नको.

कुंभार्ली घाट चढताना घाम हळूहळू सुकला. डोंगर मे महिन्याने भाजलेले, मधेच करवंदांच्या जाळ्या. उंब्रजला चहा घेतला. शेजारच्या बाईंच्या अंबाड्यात सळई दोनदा अडकली, दोन्ही वेळा त्यांनी ती स्वतःच सोडवली आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. तेव्हाच कळले, बाई पुण्याच्या.

स्वारगेटला उतरले तेव्हा बारा वाजत आले होते. रिक्षावाल्याला विचारले, एवढे मावेल का? "तुम्हाला मावायचंय की त्याला?" असे म्हणून त्याने मीटर पाडला. एक सळई बाहेर काढून आम्ही बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठच्या दर्शनाची रांग ओलांडली, बाहेरूनच हात जोडले आणि तपकीर गल्लीत शिरले. दाराएवढी एकेक दुकाने, छतापासून लोंबणाऱ्या वायरी, रिमोटचे ढीग. त्यातल्या एका जिन्याखाली तांबोळी बसतात. साठी उलटलेले गृहस्थ. त्यांच्या आजोबांपासून इथे रेडिओची दुरुस्ती चालते. फोनवर त्यांनी मला बजावले होते की एरियल एकटा आणू नका, जे जे वर लावलंय ते सगळे आणा. त्यामुळेच ही वरात.

मी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. सेटमधून पाठवलेल्या शक्तीतली किती एरियलने न घेता परत येते, हे मीटर दाखवतो. काहीच परत आले नाही तर आकडा एक, जितके जास्त परत येते तितका तो मोठा. उन्हाळ्यात एरियल लावला तेव्हा माझा आकडा होता पावणेदोन. पाऊस सुरू झाल्यावर दीड. पूल बुडाला त्या दिवशी एक पूर्णांक एक. गिरणीचा नवा पट्टा पहिले काही दिवस घसरतो, मग बसतो, तसा माझा एरियल बसला, असे मी त्यांना अभिमानाने सांगितले.

तांबोळींनी वही मिटली. "एरियल भिजून सुधारतो, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय."

त्यांनी केबलच्या एका टोकाला एरियल लावला, दुसऱ्या टोकाला आपले मोजायचे यंत्र. एक पूर्णांक एक. मी म्हटले, बघा! त्यावर ते उठले, एरियल सोडवला आणि स्टुलावर ठेवला.

"आता त्या टोकाला काहीच नाही. म्हणजे पाठवलेलं सगळं परत यायला हवं. आकडा वाचा."

मी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. एक पूर्णांक दोन.

"मग जातंय कुठे?" मी विचारले.

"केबल पितेय. जाताना पिते आणि उरलंसुरलं येताना पिते. मीटरला परत काही दिसत नाही म्हणून तो खूश. आपणही खूश. ऐकणारे तेवढे कोरडे राहिले."

त्यांनी ब्लेडने केबलचे काळे कातडे उभे चिरले. आतली तांब्याची जाळी हिरवी-काळी पडली होती आणि भर मे महिन्यात बोटाला ओल लागली. वरचा सांधा मी गिरणीतल्या साध्या चिकटपट्टीने गुंडाळला होता. माझ्या हाताने, पत्र्यावर चढून. त्यातून पावसाचे पाणी तीस मीटर खाली उतरले होते.

"म्हणजे पलीकडच्या माणसाला..."

"काही ऐकू गेलं नसणार. त्यांनी हाका मारल्या असल्या, तर आपल्यालाही नाही."

ते जेवून या म्हणाले. खानावळीत पिठलं-भाकरी समोर आली. मला लाज वाटत होती. नुसती लाज नव्हे, सभेतले सदाभाऊंचे तोंड दिसत होते. मी तसे म्हटले तेव्हा त्यांनी हातातली टोपी घडी करून खिशात ठेवली होती, आणि मला वाटले होते, चोराच्या मनात चांदणे.

दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. बांबूवर एरियल, त्याला नवी जाड केबल. आता खरा आकडा दिसला. दोनच्याही वर. सळई लांब होती, म्हणून एरियल आपल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या बराच खाली जुळत होता. तांबोळींनी करवत माझ्या हातात दिली. "थोडं थोडं कापा. कापलेलं परत जोडता येत नाही." दरवेळी तांदळाच्या दाण्याएवढे कापायचे, मग टाकीमागे जाऊन उभे राहायचे. माणूस जवळ असला तरी आकडा बदलतो. कापा, मागे जा, वाचा. शेजारच्या गच्चीवरचे आजोबा पापड वाळत घालता घालता अर्धा तास आम्हाला पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले की एवढं करून टीव्हीला किती चॅनेल येतात. तांबोळी म्हणाले, "एकच. तेही आपलंच."

आकडा एक पूर्णांक तीनवर थांबला. अजून खाली येईल का, असे मी विचारल्यावर त्यांनी माझ्या हातातली करवत काढून घेतली. मग सांध्याला रबराची पट्टी कशी ताणून बसवायची आणि पाणी ठिबकून जावे म्हणून खाली केबलला वळसा कसा ठेवायचा, ते दोनदा करून दाखवले. तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतले.

रात्री खराडीला भाचीकडे राहिले. सकाळच्या गाडीने परत निघाले. घाट उतरताना सारखे मनात येत होते, वाईट आकडा दिसला असता तर मी पत्र्यावर चढून बघितले तरी असते. चांगला आकडा दिसला आणि मी दुसऱ्याच्या घरात दोष शोधला.

चिपळूणला उतरून वाडीची गाडी धरली नाही. सामानासकट सदाभाऊंच्या दारात गेले. ते अंगणात कुणाचा तरी मिक्सर खोलून बसले होते.

"सदाभाऊ, केबलमध्ये पाणी होतं. माझ्या केबलमध्ये. तुम्ही जागे होतात. चुकले मी," मी म्हणाले. सभेतही हेच बोलणार, हेही सांगून टाकले.

त्यांनी हात पुसले. ओरडा खायची माझी तयारी होती.

"ताई, त्या दिवशी तुम्ही काय सांगत होतात? मला अजून कुणी सांगितलेलं नाही."

मी पायरीवर बसले आणि त्या सकाळी जसे म्हणत होते तसेच म्हणाले, "पुलावरून पाणी जातंय. मोरेकाकूंना धाप लागलीय, ओठ निळे पडलेत. देवळाच्या घाटावर होडी पाठवा. ऐकू येतंय का?"

"येतंय," सदाभाऊ म्हणाले. मग मिक्सरचा एक स्क्रू उचलून त्यांनी परत खाली ठेवला. "होडी सकाळपासून दारातच आणून ठेवली होती, ताई."