गरम जमिनीवरचं पोस्टिंग

आमची बटालियन लडाखला गेली तेव्हा मी लान्स नाईक होतो. महादेवला नाईकची फीत माझ्या आधी मिळाली होती. बेळगावच्या एकाच भरतीत आम्ही उभे राहिलो होतो आणि धावण्यात मी त्याच्या पुढे होतो. तो वडगावचा, घरी साड्यांचे माग. मी निपाणीकडचा, तंबाखूच्या शेतातला.

आमच्या प्लाटूनला एका खोऱ्यात पाठवलं. तिथं गरम पाण्याचे झरे होते, गंधकाचा वास होता, बर्फातून वाफ निघायची. जमिनीतल्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे पाहायला खोल बोअर मारायचं काम चालू होतं. बंदोबस्त आमचा. महादेव काही जवानांसह खालच्या ड्रिलिंग कॅम्पवर, मी वरच्या कड्यावरच्या पोस्टवर.

वर आम्ही बर्फ वितळवून दाढी करायचो. खाली त्याची रोज आंघोळ. सकाळचा रेडिओ चेक झाला की तो हळूच म्हणायचा, "शंकर, आंघोळ झाली रं. लई कढत पाणी."

मी "रॉजर, आउट" म्हणून सेट खाली ठेवायचो. मग दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही.

पाण्यापेक्षा मला झोंबलं ते वेगळंच. एकदा रेशन आणायला खाली गेलो, तर महादेव भूगर्भशास्त्राच्या मॅडमांसमोर बसला होता. मॅडम पुण्याच्या.

"मॅडम, आत ही आग लावली कुणी?" त्यानं विचारलं.

"आग नाही, नुसती उष्णता. पृथ्वी घडताना धोंडे आदळून जी उष्णता झाली, तिच्यातली बरीच अजून आत आहे. शिवाय खडकांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम असतं. त्यांचे काही अणू सतत फुटत असतात. त्यातूनही उष्णता निघते."

"म्हंजे आतासुदिक हुतीया?"

"आत्तासुद्धा."

"आमच्या वडगावखाली पण?"

"सगळीकडे. इथं ती वरच्या थरात आलीय, एवढाच फरक."

मॅडम खुश झाल्या होत्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी म्हणालो, "रॉकेलचे रिकामे डबे कुठं ठेवू?"

महादेव हसला. त्यात वाईट काही नव्हतं, पण पाठीवर रेशन घेऊन कडा चढताना मला तेच हसू ऐकू येत होतं. असा प्रश्न मला का सुचला नाही? वर पोचल्यावर मी प्लाटून कमांडरसाहेबांना सॅल्यूट मारला. "साहेब, मला खाली पाठवा."

"महादेवला मशीन कळतं. तू वरच राहा."

"जी साहेब."

त्यानंतर मी रेडिओवर त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागलो.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, खालून मोठा आवाज आला. पांढरी वाफ कड्याच्याही वर चढली. साहेबांनी सेट घेतला.

"टू फॉर वन. बोअर फुटलं. एक माणूस अडकलाय. मेडिकल पाठवा. ओव्हर." टू म्हणजे खालचा कॅम्प, वन म्हणजे आमची पोस्ट; आवाज महादेवचा होता.

"वन फॉर टू. तिथंच थांब. पार्टी येते. ओव्हर."

उत्तर आलं नाही.

आम्ही दोर आणि स्ट्रेचर घेऊन उतरलो. एका ड्रिलरचा पाय पाइपखाली सापडला होता. आम्ही पोचायच्या आधीच महादेव डोक्यावर कोट घेऊन वाफेत शिरला, त्यानं पाइप उचलला आणि त्या माणसाला बाहेर ढकललं. मागं फिरताना त्याच्या पायाखालची जमीन खचली. खाली उकळता चिखल होता. तो कमरेपर्यंत आत गेला. ड्रिलरांनी त्याचे हात धरून ठेवले होते. आम्ही फळी टाकली, काखेतून दोर घातला आणि त्याला ओढून काढलं.

"शंकर, त्यो गडी भाईर आला का?"

"आला."

"मग बरं झालं."

आम्ही त्याला स्ट्रेचरवर घेतलं.

हेलिकॉप्टर आलं. मॅडम त्याचं डोकं मांडीवर घेऊन आत बसल्या. मी स्ट्रेचर सोडून मागं झालो. त्याही वेळी माझ्या मनात आलं, माझ्यासाठी असं कुणी बसलं असतं का? आलं ते आलं. संध्याकाळी बेस हॉस्पिटलवरून मेसेज आला. महादेव वाटेतच गेला होता.

मी हवालदार होऊन रिटायर झालो. घरी कुणी आलं की माझे वडील, आप्पा, माझी ओळख करून देतात, "ह्यो आमचा शंकर. वडगावच्या महादेवाबरोबर हुता." मी पाणी आणायला आत जातो.

दर वर्षी त्याच्या दिवसाला मी वडगावला जातो. गेल्या खेपेला त्याच्या आईनं माग थांबवला आणि विचारलं, "तिकडं लई थंडी असती म्हणं. निजताना त्याला गारठत असंल न्हवं?"

"न्हाय मावशी. तंबूखालची जमीन ऊन हुती." मी तिला धोंडे, अणू सगळं सांगितलं. मॅडमांचे शब्द मला अजून पाठ होते.

तिनं ऐकून घेतलं. मग फरशीवर तळवा टेकवून थोडा वेळ तसाच ठेवला.

"हितं तर गार लागतंय रं," ती म्हणाली.

"लई खोल हाय, मावशी."

"असू दे," ती म्हणाली, आणि हात काही उचलला नाही.